गाळलेलें प्रकरण

पुस्तकप्रकाशनाच्या समारंभास पुस्तक वाचून आलेला मनुष्य सहसा नसतो, आणि चुकून असलाच तर त्याला व्यासपीठावर बसवीत नाहींत, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. तथापि २ मे २०२३ रोजीं मुंबईंत यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या सभागृहांत जो समारंभ झाला, त्यांत पुस्तकाची जितकी उपेक्षा झाली तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या पुस्तकाच्या वांट्यास आली असेल. पुस्तक होतें श्री. शरद पवार यांची ‘लोक माझे सांगाती’ ही राजकीय आत्मकथा. २०१५ सालीं निघालेल्या ग्रंथाची ही वाढविलेली आवृत्ति. ग्रंथकार बोलावयास उभे राहिले, आणि १९९९ सालीं स्वतः स्थापन केलेल्या राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचें अध्यक्षपद आपण सोडीत आहों असें त्यांनीं सांगून टाकलें. सभागृहांत एकच रडारड झाली. कार्यकर्ते जागचे उठेनात. पुढचा अध्यक्ष कोण हें ठरविण्याचें काम पक्षांतील प्रमुख मंडळींच्या एका समितीकडे सोंपविण्यांत आलें. त्या समितीनें ५ मे रोजीं एकमतानें असें ठरविलें कीं, पुढचा अध्यक्ष मागचाच असावा. आणि त्याच दिवशीं सायंकाळीं राजीनामा परत घेण्यांत आला. निवडणूक आयोगानें या पक्षाचा राष्ट्रीय दर्जा काढून घेतल्याला तेव्हां पुरता एक महिनाहि झाला नव्हता; तेव्हां एका प्रांतिक पक्षानें आपला नेता कसा निवडला, याचा हा ताजा नमुना म्हणावयास हरकत नाहीं.

त्या गडबडींत पुस्तकाचें काय झालें हें कोणीं विचारलें नाहीं. तें विचारणें हें मासिकांचें काम आहे. मासिकें उशिरा बोलतात, परंतु बोलतात.

इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या मनुष्यानें पक्षांच्या भानगडींत कशाला पडावें, अशी शंका एखादा वाचक घेईल. तिला माझें उत्तर असें कीं, नेत्याच्या प्रत्येक निवडीमागें दोन प्रकारचें लेखन उरतें. एक ठराव, आणि दुसरें, पुढें पुष्कळ वर्षांनीं, कोणाचें तरी आत्मचरित्र. दोन्ही गद्यच आहेत. गद्य म्हटलें कीं त्याची परीक्षा करण्याचा अधिकार आमच्याकडे येतो.

प्रथम ठराव घेऊं. आपल्याकडील ठरावाच्या भाषेंत एक व्याकरणाचा चमत्कार आहे. ‘अमुक यांची एकमतानें निवड करण्यांत येत आहे.’ या वाक्यांत कर्ता शोधून पाहावा; तो सांपडत नाहीं. निवड आहे, निवडलेला आहे. निवडणारा मात्र वाक्यांतून नाहींसा झाला आहे. जेथें कर्ता बसावयाचा तेथें ‘एकमतानें’ हें अव्यय येऊन बसलें आहे. माणसांनीं जेथें उत्तर द्यावयाचें तेथें हें अव्यय उभें राहतें, आणि अव्ययाला उलट प्रश्न विचारतां येत नाहीं. काँग्रेसच्या विधिमंडळ पक्षानें या ठरावाची एक आणखी संक्षिप्त जात निर्माण केली: नेता निवडण्याचे सर्वाधिकार श्रेष्ठींना देण्यांत येत आहेत. हा एकोळी ठराव म्हणून प्रसिद्धच आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजीं भारतीय जनता पक्षाच्या आमदारांनीं श्री. देवेंद्र फडणवीस यांना नेता निवडलें, तेव्हांहि दिल्लीहून निरीक्षक आले होते, आणि तेंच अव्यय होतें. यावरून रचना कोणा एका पक्षाची नाहीं हें दिसेल. मराठी राजकारणानें ती समाईक ठेवली आहे.

या बाबतींत मीं स्वतः स्वच्छ आहें असें नाहीं. आमच्या गांवच्या एका लहानशा संस्थेची कार्याध्यक्षांची निवड काहीं वर्षांपूर्वी माझ्यासमोर झाली. सुचविलेलें नांव मला पसंत नव्हतें. शेजारीं बसलेल्या दोघां गृहस्थांनाहि नव्हतें, तसें ते जिन्यांत मला म्हणालेहि होते. सूचना मांडण्यांत आली, क्षणभर शांतता पसरली, आणि ती शांतता असह्य होऊन मींच अनुमोदन दिलें. टाळ्या झाल्या. चहा आला. इतिवृत्तांत ‘एकमतानें’ असें नोंदलें गेलें, आणि खालीं अनुमोदक म्हणून माझें नांव आहे. त्या दिवसापासून तें अव्यय मला पूर्वीसारखें वाचतां येत नाहीं.

आतां दुसऱ्या प्रकारच्या लेखनाकडे, म्हणजे आत्मचरित्राकडे वळूं. ठरावानें जें झांकलें तें आत्मचरित्रानें उघडावें, अशी आपली रास्त अपेक्षा असते. श्री. पवार यांचा ग्रंथ वाचनीय आहे यांत वाद नाहीं. कारभारी मनुष्याला आपल्या कामाची जी गोडी असते ती त्यांत आहे. किल्लारीचा भूकंप किंवा एखादें खातें यांविषयीं ते लिहूं लागले म्हणजे वाचक सहज मागोमाग जातो. १९९१ सालीं दिल्लींत प्रधानमंत्रिपदाची निवड कशी झाली आणि आपण कां मागें पडलों, हेंहि त्यांनीं बऱ्याच मोकळेपणानें सांगितलें. ग्रंथ निघाला तेव्हां त्या भागाची चर्चाहि पुष्कळ झाली. परंतु हा मोकळेपणा कोठें आढळतो तें पाहावें. लेखक जेथें उमेदवार होता आणि डावलला गेला, तेथें. आत्मचरित्रकार पराभवाची हकीकत सविस्तर देतो, कारण तिचें दायित्व दुसऱ्याकडे असतें. निवड ज्याच्या स्वतःच्या हातीं असते त्यानें ती कशी केली, कोणाला विचारलें, कोणाचें ऐकलें नाहीं, हें प्रकरण बहुधा गाळलेलें असतें. मे २०२३ मधील त्या तीन दिवसांचें प्रकरण तर पुस्तकांत असणें शक्यच नव्हतें. तें पुस्तकाच्या प्रकाशनांतच घडलें.

ज्यांच्या नांवाच्या सभागृहांत हें घडलें, त्या कै. यशवंतराव चव्हाण यांचीच गोष्ट पाहा. ऑक्टोबर १९५६ मध्यें द्वैभाषिक मुंबई राज्याच्या उंबरठ्यावर काँग्रेसला नेता निवडावयाचा होता. मोरारजी देसाई यांना निवड बिनविरोध हवी होती. भाऊसाहेब हिरे उभे राहिले, म्हणून मोरारजी बाजूस झाले आणि यशवंतराव पुढें आले. मतें मोजण्यांत आलीं: यशवंतरावांना ३३३, हिरे यांना १११. बरोबर तिप्पट! या प्रांताच्या राजकीय इतिहासांत नेत्याच्या नांवापुढें असे दोन स्पष्ट आंकडे क्वचितच लिहिलेले आहेत. या आंकड्यांनीं यशवंतरावांचें काहींएक उणें झालें नाहीं. उलट १११ जणांनीं आपल्याला मत दिलें नाहीं हें उघडपणें जाणून ज्यानें कारभार केला, त्याच्या कारभाराला एक प्रकारची शिस्त आली असली पाहिजे. विरोध किती आणि कोणाचा हें ज्याला ठाऊक असतें, तो त्याच्याशीं बोलूं शकतो. एकमतानें आलेल्या पुढाऱ्याला तो कोणत्या खिडकींत उभा आहे हेंच कळत नाहीं.

हें सर्व यशवंतरावांच्या लेखणींतून उतरावयास हवें होतें. ‘कृष्णाकाठ’ ज्यांनीं वाचलें आहे त्यांना त्या लेखणीची योग्यता सांगावयास नको. आईविषयींचा भाग, कऱ्हाडचे दिवस, बेचाळीसच्या चळवळींतील भूमिगत जीवन, या सर्वांत स्वतःच्या मनाची उलघाल लपविण्याची धडपड कोठेंहि नाहीं. राजकारणी पुरुषाच्या लेखनांत हा गुण दुर्मिळ. परंतु ‘कृष्णाकाठ’ १९४६ सालीं संपतें. ग्रंथ निघाला १९८४ सालीं, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लेखक निवर्तले. पुढचे खंड योजलेले होते, ते लिहून झाले नाहींत. १९५६ च्या त्या बैठकीपूर्वीं विजेत्याच्या मनांत काय होतें, हिरे यांच्याविषयीं त्याला काय वाटलें, मोरारजींशीं काय बोलणें झालें, हें प्रकरण मृत्यूनें गाळलें. इतरांनीं जें हेतुपुरस्सर गाळलें असेल त्याचा मला राग येतो. याची मात्र हळहळ वाटते.

हें प्रकरण गाळल्यानें काय बिघडतें, हें पाहावयाचें तर १९३७ कडे गेलें पाहिजे. १९३५ च्या कायद्याखालीं पहिल्या निवडणुका झाल्या, मुंबई इलाख्यांत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली, आणि मुंबई प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष बॅरिस्टर नव्हे, वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन हेच आतां नेते होणार असें शहरांत जो तो धरून चालला होता. बॅक बेच्या भरावाच्या कामांतील गैरव्यवहार यांनींच चव्हाट्यावर आणला होता; त्यापायीं झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांतून ते निर्दोष सुटले होते; लोक त्यांना वीर नरिमन म्हणत. मार्चमध्यें आमदारांची बैठक झाली, आणि निवडले गेले बाळासाहेब खेर: सॉलिसिटर, सौम्य वृत्तीचे, रत्नागिरीकडचे, आणि सामान्य मुंबईकराला त्या मानानें अपरिचित.

नरिमन यांनीं आरोप केला कीं, हें सरदार वल्लभभाईंनीं घडविलें. वृत्तपत्रांत धुमाकूळ माजला. नरिमन पारशी म्हणून डावलले गेले, असें कोणी म्हणाले. ते स्वतःच्या गुणांनीं गेले, असें कोणी म्हणाले. शेवटीं चौकशी झाली. ती गांधीजींनीं आणि डी. एन. बहादुरजी या नामांकित पारशी कायदेपंडितांनीं केली. निर्णय नरिमन यांच्याविरुद्ध गेला, आणि काँग्रेस कार्यकारिणीनें त्यांना विश्वासाच्या जागेस अपात्र ठरविलें. प्रश्न विचारणाऱ्याला दंड झाला, आणि प्रश्न तेथेंच राहिला.

माझें मत स्पष्ट सांगतों. निवड चुकली असें मला वाटत नाहीं. खेर यांनीं १९३७ ते १९३९ आणि पुन्हां १९४६ ते १९५२ असा कारभार केला, आणि त्यांच्या सचोटीविषयीं त्यांच्या विरोधकांनींहि शंका घेतल्याचें ऐकिवांत नाहीं. नरिमन शूर होते. शूर मनुष्य उत्तम प्रधान होतोच असें नाहीं. एवढें मान्य करूनहि असें म्हणावें लागतें कीं, योग्य निवड अयोग्य रीतीनें सांगितली गेली, किंवा खरें म्हणजे सांगितलीच गेली नाहीं. खेर कां, आणि नरिमन कां नाहीं, याचें कारण पक्षानें त्याच वेळीं उघड बोलून दाखविलें असतें तर जातीचा आरोप कदाचित् दोन आठवड्यांत विरला असता. तो बावीस वर्षांनीं पुन्हां उभा राहिला: मौलाना आझाद यांचें आत्मकथन त्यांच्या मृत्यूनंतर १९५९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्यांत त्यांनीं नरिमन यांच्यावर जमातवादी दृष्टीमुळें अन्याय झाला असें लिहिलें. तोंपर्यंत सरदार नव्हते, नरिमन नव्हते, खेरहि नव्हते. उत्तर द्यावयाला कोणीच उरलें नव्हतें. नरिमन यांच्या नांवाचें टोक मात्र आज मुंबईंत आहे. ज्या बॅक बेच्या भरावाविरुद्ध ते झगडले त्याच समुद्रांत भर घालून तें पुढें तयार करण्यांत आलें. दैवाला विनोदबुद्धि असते, हें अशा वेळीं पटतें.

पक्षानें मौन धरलें तर टीकाकारानें काय करावें? इंग्लंडांतील एक उदाहरण या संदर्भांत मला नेहमीं आठवतें, आणि तें आमच्या धंद्याच्या अभिमानाचें आहे. तेथील हुजूर पक्षांत नेता मतें देऊन निवडण्याची पद्धतच १९६५ पर्यंत नव्हती. ज्येष्ठ मंडळी इकडे तिकडे चौकशी करीत, आणि एक नांव आपोआप ‘वर येई’. १९६३ सालीं असेच लॉर्ड होम वर आले. इयन मॅक्लाउड या मंत्र्यानें त्यांच्या हाताखालीं काम करण्याचें नाकारलें आणि तो ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाचा संपादक झाला. पुढें चर्चिल यांचे चिरंजीव रँडॉल्फ यांनीं या नेतानिवडीवर एक पुस्तक लिहिलें. जानेवारी १९६४ मध्यें मॅक्लाउडनें त्याचें परीक्षण लिहिलें. परीक्षण कसलें, बंद खोलींत कोण कोण होते, कोणीं कोणास काय विचारलें, याची तारीखवार हकीकतच ती. त्यानें त्या टोळक्याला जें ‘जादूचें वर्तुळ’ असें नांव दिलें तें इंग्रजी भाषेंत कायम झालें. पक्षानें त्याच्यावर आग पाखडली. तथापि पुढच्याच वर्षीं पक्षानें मतदानाचे नियम केले, आणि जुलै १९६५ मध्यें एडवर्ड हीथ १५० मतांनीं निवडले गेले. मॉडलिंग यांना १३३ आणि पॉवेल यांना १५. सर्व श्रेय एका पुस्तकपरीक्षणास देणें अतिशयोक्तीचें होईल. त्याच्यावांचून तें इतक्या लवकर झालें असतें असें मात्र मला वाटत नाहीं. मॅक्लाउडला परीक्षणासाठीं पुस्तक मिळालें, हेंहि विसरतां कामा नये. आम्हांला तेंच मिळत नाहीं.

आतां घरची गोष्ट. जानेवारी २००३ मध्यें सोलापूरकरांना जो आनंद झाला तो मीं पाहिला आहे, आणि त्यांत मीहि सामील होतों. सिद्धेश्वराचा गड्डा अजून उठला नव्हता, पाळणे फिरत होते, आणि वार्ता आली कीं श्री. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री होणार. याच गांवच्या न्यायालयांत शिपायाची नोकरी करून शिकलेला, पुढें फौजदार झालेला, १९७४ सालीं करमाळ्यांतून प्रथम विधानसभेंत गेलेला हा मनुष्य. महाराष्ट्राचा पहिला दलित मुख्यमंत्री. १८ जानेवारीस शपथविधि झाला. त्या दिवशीं निवडीची पद्धत काय होती असें विचारणाऱ्याला गांवानें वेडगळ म्हटलें असतें. विलासराव देशमुख यांना बाजूस करून हें नांव दिल्लीनें ठरविलें होतें, हें सर्वांना ठाऊक होतें, आणि कोणाला त्याचें काहीं वाटत नव्हतें.

पावणेदोन वर्षांनीं, ऑक्टोबर २००४ मध्यें, त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळांतच विधानसभेची निवडणूक झाली. काँग्रेसला ६९ आणि राष्ट्रवादीला ७१ जागा मिळाल्या. आघाडीचें राज्य टिकलें. मुख्यमंत्री मात्र पुन्हां विलासराव झाले, आणि शिंदे राज्यपाल म्हणून हैदराबादेस गेले. गांवांत त्या दिवशीं जो तो एकमेकांस विचारीत होता: हें कोणीं ठरविलें? प्रश्न योग्य होता, पण पावणेदोन वर्षें उशिरा विचारला गेला. ज्या आमदारांनीं त्यांना मोजून निवडलेलें नव्हतें, त्या आमदारांकडे त्यांना दाद मागतां येईना. मागण्यासारखें त्यांच्या हातीं काहीं नव्हतेंच. ३३३ मतांचा कागद ज्याच्या खिशांत असतो त्याला काढावयाचें तर निदान दुसरा कागद तयार करावा लागतो.

त्याच जानेवारीच्या ३० तारखेस महाबळेश्वर येथें शिवसेनेनें श्री. उद्धव ठाकरे यांना कार्याध्यक्ष केलें. सूचना मांडली श्री. राज ठाकरे यांनीं. सूचक तीन वर्षांच्या आंत पक्षाबाहेर पडले, आणि मार्च २००६ मध्यें त्यांनीं स्वतंत्र पक्ष काढला. महाबळेश्वरचा तो ठराव वाचून कोणाला हें भाकीत करतां आलें असतें? ठरावाचें गद्य इतकें गुळगुळीत होतें कीं, त्यावर कोणत्याहि भावनेचा ओरखडा उमटला नव्हता.

पुन्हां मे २०२३ कडे येतों. त्या समितीनें जें काम करावयाचें टाळलें तें टळलें नाहीं. फक्त जागा बदलली. जूनमध्यें दोन कार्याध्यक्ष नेमण्यांत आले. २ जुलैस श्री. अजित पवार सहकाऱ्यांसह सरकारांत गेले. ५ जुलैस एकाच शहरांत एकाच पक्षाच्या दोन सभा भरल्या, आणि कोणत्या सभेस किती आमदार हें सर्व महाराष्ट्र दूरदर्शनसंचावर मोजीत बसला. मोजणी झाली ती अशी! पुढें ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं निवडणूक आयोगानें पक्षाचें नांव आणि घड्याळ श्री. अजित पवार यांच्या गटास दिलें. कसोटी लावली ती विधिमंडळांतील बहुमताची. संघटनेंत कोणाचें बहुमत आहे हें विश्वासानें ठरवितां येईल असा आधार आयोगाला मिळाला नाहीं. चोवीस वर्षें एका पुरुषानें चालविलेल्या पक्षाच्या दप्तरांत असा आधार कोठून असणार? ५ मे रोजीं मतें पडलीं असतीं तर फूट टळली असती, असें मी म्हणत नाहीं. मतें मोजूनहि पक्ष फुटतात. परंतु घरांतलें भांडण घरांत किती आहे हें घरच्यांना तरी कळलें असतें. तें दिल्लींतील एका कचेरीनें निकालपत्र लिहून सांगावें लागलें नसतें. तें निकालपत्र मीं वाचलें. भाषा रुक्ष आहे, पण त्यांतल्या वाक्यांना कर्ते आहेत.

‘लोक माझे सांगाती’च्या दोन्ही आवृत्त्या आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत शेजारीं शेजारीं ठेवलेल्या आहेत, त्यांच्याच ओळींत ‘कृष्णाकाठ’. मागच्या सत्रांत एक विद्यार्थिनी निबंधासाठीं तिन्ही पुस्तकें घेऊन गेली आणि आठ दिवसांनीं परत आली. “सर,” ती म्हणाली, “तुम्हीं वर्गांत सांगितलेले ते ३३३ आणि १११ हे आंकडे यांत कोठें आहेत?” मीं तिला खालच्या मजल्यावर, जुन्या वृत्तपत्रांच्या दालनांत, छप्पन सालच्या ऑक्टोबरचीं बांधलेलीं पानें पाहावयास पाठविलें.